जुना लॅपटॉप आणि एकोणीस दिवसांचे कुलूप

मुलगी यंदा आठवीत गेली आणि तिच्यासाठी संगणक घ्यायचे ठरले, तेव्हा आमची मर्यादा वीस हजार रुपयांची होती. तेवढ्या पैशांत मिळणारे जे नवे लॅपटॉप मी पाहिले, ते मंद वाटले. त्यापेक्षा कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून काढलेले डेलच्या लॅटिट्यूड, लेनोव्होच्या थिंकपॅड किंवा एचपीच्या एलिटबुक या मालिकांतील लॅपटॉप दणकट असतात, असे भावाने सांगितले आणि ते मला आजही पटते. अट एकच ठेवली, की प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. कारण विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ आठवीच्या आधीच्या पिढ्यांवर, मोजके अपवाद सोडले तर, अधिकृतपणे चालत नाही.

पुण्यातील एका दुकानात आम्ही दोघी गेलो. मुलगी शाळेत इनस्क्रिप्ट या कळफलकाच्या मांडणीवर मराठी टंकलेखन शिकते, म्हणून तिने नोटपॅड उघडून एकेक कळ दाबून पाहिली. पहिल्या लॅपटॉपवर तिला ‘ड’ उमटवता येईना. चौकटी कंसाची ती कळ कोणी वापरत नाही, असे विक्रेत्याचे म्हणणे पडले. पण आमचा ‘ड’ त्याच कळीवर असतो, आणि ‘ढ’ही. तो लॅपटॉप बाजूला ठेवून दुसरा घेतला. आय-फाइव्ह प्रोसेसर, आठ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, किंमत १७,५०० रुपये. पडदा स्वच्छ होता, बिजागरी घट्ट होती, आणि मी समाधानाने पैसे दिले.

त्यात दुकानदाराने ‘यूजर’ नावाचे खाते आधीच तयार करून ठेवले होते. दुसऱ्याच्या खात्यावर मुलीने काम करू नये, म्हणून घरी आल्यावर मी सगळे पुसून विंडोज नव्याने सुरू केले. वायफायचा पासवर्ड टाकला आणि पडद्यावर एका कंपनीचे बोधचिन्ह आले, त्याखाली स्वागताची ओळ आणि कार्यालयीन ईमेल लिहिण्याची चौकट. ती चौकट ओलांडून पुढे जाण्याचा मार्गच नव्हता. मुलीने कंपनीचे नाव मोठ्याने वाचले आणि विचारले, “आई, हा आपला नाही का?”

“ताई, सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे, फॉरमॅट मारून देतो,” असे दुकानदार म्हणाला. मी लॅपटॉप घेऊन पुन्हा पुण्याला गेले. त्याने इंटरनेट न जोडता विंडोज टाकले, सुरू करून दाखवले आणि मला परत पाठवले. घरी मी मुद्दाम पुन्हा सगळे पुसले. वायफाय जोडताच तेच बोधचिन्ह आले. तेव्हा मी याचा नीट शोध घेतला. मोठ्या कंपन्या आपल्या लॅपटॉपच्या हार्डवेअरची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर आपल्या नावे नोंदवून ठेवतात. या सोयीला विंडोज ऑटोपायलट म्हणतात. नोंद लॅपटॉपच्या डिस्कवर नसतेच, त्यामुळे दहा वेळा फॉरमॅट केले तरी ती जात नाही. लॅपटॉप विकताना कंपनीने ती काढायची असते, आणि इथे ती काढायची राहून गेली होती.

त्या दिवसांत मला सर्वांत जास्त त्रास झाला तो पैशांमुळे नाही. आपण चोरीचा माल तर घरात आणला नाही ना, ही शंका मन पोखरत होती. दुकानदाराला विचारले तर “लॉटमध्ये आला” एवढेच उत्तर मिळे. अखेर मी त्याला लेखी कळवले, की खरेदीचे बिल दाखवा, नाहीतर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवते. त्याच संध्याकाळी लिलावातील खरेदीच्या बिलाची प्रत आली आणि तिच्या यादीत आमच्या लॅपटॉपचा सिरियल क्रमांक होता. मला खरोखर हायसे वाटले.

ती प्रत, आमचे बिल आणि लॅपटॉपच्या तळाशी अर्धवट खरवडलेल्या बारकोडच्या चिकटपट्टीचा फोटो मी त्या कंपनीच्या आयटी विभागाला पाठवला. आधी केवळ यांत्रिक पोच आली. बाराव्या दिवशी मी पुन्हा लिहिले. तोवर मुलगी रोज शाळेतून आल्यावर आधी “उत्तर आले का?” हेच विचारत होती. एकोणिसाव्या दिवशी दोन ओळींचे उत्तर आले, की नोंद काढली आहे. मी पुन्हा विंडोज सुरू केले, आणि या वेळी वायफाय जोडल्यावर कोणत्याही कंपनीचे नाव आले नाही.

म्हणून माझे कळकळीचे सांगणे आहे, की पैसे देण्याआधी दुकानातच, आपल्या डोळ्यांदेखत, लॅपटॉप पूर्ण पुसायला लावा आणि नव्याने सुरू होताना आपल्या मोबाईलचे हॉटस्पॉट जोडा. याला तासभर लागेल. दुकानदार कुरकुर करील, तरी थांबा. सुरू होतानाच डेलवर एफ-दोन, लेनोव्हो थिंकपॅडवर एफ-एक आणि एचपीवर एफ-दहा ही कळ दाबून बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारी लॅपटॉपची मूळ सेटिंग्ज, उघडते का, की तिथेही पासवर्ड मागितला जातो, हे पाहा. बिलावर सिरियल क्रमांक लिहून घ्या. आमच्या बिलावर तो होता म्हणूनच कंपनीने माझे म्हणणे मान्य केले.

बॅटरीचे सांगायचे राहिले. कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे विंडोजच्या आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ‘powercfg /batteryreport’ या आज्ञेने बॅटरीचा अहवाल निघतो. त्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. आमची निम्म्यावर आली होती, आणि हे मी दुकानात पाहिले असते तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून नक्की वजा करून घेतले असते. कंपनीच्या त्या दोन ओळींच्या ईमेलची छापील प्रत मी बिलासोबत फाईलमध्ये लावली आहे. पुढे कधी हा लॅपटॉप आम्ही कोणाला दिला, तर ती फाईलही सोबत देणार आहे.