पितृपंधरवड्यात कळसूबाई

रविवार, रात्री उशिरा

"पितृपंधरवड्यात कसलं नवीन काम काढता, नवरात्र बसू दे की," असं चाळीतल्या बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. पण नवरात्रात कळसूबाईवर यात्रा भरते, शिड्यांपाशी रांगा लागतात. म्हणून आजचाच रविवार पक्का केला. आता वाटतंय, याच पंधरवड्यात गेलो हे फार बरं झालं.

बेत साधा होता. सगळ्यांनी मिळून कळसूबाई चढायचं आणि त्या निमित्ताने पैसे उभे करायचे, परळला कर्करोगाच्या उपचारांसाठी येणाऱ्या कुटुंबांच्या मुक्कामासाठी. लालबाग-परळमध्ये वाढलेल्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. जेरबाई वाडिया रोडच्या फुटपाथवरच्या चटया, रिपोर्टच्या फुगलेल्या फायली, दोरीवर वाळत घातलेला टॉवेल हे आम्ही शाळेत जाता-येता बघत आलोय. देशात वर्षाला १४ लाखांहून जास्त लोकांना नव्याने कर्करोगाचं निदान होतं, आणि त्यातले कितीतरी जण गाडीत बसून इथेच येतात.

पैसे मागायला गेलं की हमखास एक प्रश्न यायचा: "सरकारी योजना आहे ना?" आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बरेचसे उपचार बसतात. रेल्वेत रुग्णाला स्लीपरचं तिकीटही माफ असतं. पण रेडिएशन एका दिवसात उरकत नाही. साधारण आठवड्याला पाच दिवस, असं अनेकदा पाच-सहा आठवडे चालतं. रोज मशीनच्या टेबलावर पंधरा मिनिटं आणि उरलेला दिवस मुंबईत काढायचा. बीडहून किंवा बिहारहून आलेल्या माणसाने तो कुठे काढायचा? इथल्या खोलीचं भाडं ऐकूनच काहीजण उपचार अर्धवट टाकून परततात. मला त्याचीच सगळ्यात जास्त चीड येते. बरं होऊ शकणारं माणूस झोपायला जागा नाही म्हणून घरी जातं.

तळमजल्यावरच्या काकूंकडे मी बिचकतच गेले होते, कारण काका दोन वर्षांपूर्वी याच आजाराने गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आत जाऊन कपाट उघडलं आणि म्हणाल्या, "यंदा ह्यांच्या श्राद्धाला पान नाही वाढणार कुणाला. तिथल्या माणसांना जेवू घाल त्या पैशांत." आणि मग काकांबद्दल बोलायला लागल्या. केमोनंतर त्यांना फक्त ताकभात जायचा, तोसुद्धा स्टीलच्या वाटीत नको, चव लागते म्हणायचे, मग काचेच्या वाटीत. इतक्या वर्षांच्या शेजारात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ही बातमी जिन्यात फिरली आणि कुणी आईच्या नावाने, कुणी भावाच्या नावाने पैसे आणून देऊ लागलं. टाटा रुग्णालयाच्या मागेही असंच एक जाणं आहे. मेहेरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियाने गेल्या, पुढच्याच वर्षी दोराबजी गेले, आणि त्यांच्या ट्रस्टने १९४१ साली परळला हे रुग्णालय उभं केलं.

ऑफिसातल्या एकाने विचारलं, "पैसेच द्यायचे तर सरळ द्या, डोंगर कशाला?" विचारायला हरकत नाही. पण कॅन्सर म्हटलं की लोक आवाज खाली आणतात, विषय बदलतात. "आम्ही कळसूबाई चढतोय" म्हटलं की थांबून विचारतात, कधी, कसं, कुणासाठी. त्या 'कुणासाठी'पर्यंत पोचायला डोंगर लागतो. मात्र एक गोष्ट मी पहिल्या दिवसापासून लावून धरली होती: जीप, नाश्ता, वाटाड्याचे पैसे, सगळं आमच्या वर्गणीतून. काकूंच्या पैशातला एक रुपयाही आमच्या पोह्यांवर जाता कामा नये.

काल रात्रीची शेवटची कसारा लोकल, तिथून जीपने घोटीमार्गे पायथ्याचं बारी गाव. उजाडायच्या आत चालायला लागलो. सोनकी फुललीय, बांधाबांधावर पिवळा रंग. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक, पण वाट मळलेली आहे आणि दम टिकवला तर कठीण नाही. अवघड वाटतात त्या लोखंडी शिड्या. ढगात त्या ओल्या झाल्या होत्या आणि आमच्यातली एक मुलगी मधल्याच पायरीवर थबकली. कठडा दोन्ही हातांनी इतका घट्ट धरलेला की बोटांची पेरं पांढरी पडली होती. बारीचा वाटाड्या दादा तिच्या खालच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. "ताई, खाली बघू नका, माझा आवाज ऐका. उजवा पाय. ठेवला? आता डावा." घाई नाही, चेष्टा नाही. मागे रांग थांबली होती, कुणी हूं की चूं केलं नाही. तिच्या वडिलांची केमो सध्या चालू आहे. वर आल्यावर तिने आधी त्यांनाच फोन लावला.

माथ्यावर देवीचं दर्शन घेतलं. ढग फाटले तेव्हा भंडारदऱ्याचं पाणी आणि अलंग-मदन-कुलंग दिसले, मग पुन्हा सगळं पांढरं. वाऱ्यात फार वेळ उभं राहवत नव्हतं.

उतरताना विहिरीजवळ लिंबू सरबत घ्यायला टेकलो. सरबतवाल्या मावशींनी बॅनर वाचला आणि विचारलं, "परळ म्हंजे टाटा हाय तेच का?" त्यांच्या दिराला तोंडात गाठ आहे, नाशिकच्या डॉक्टरांनी टाटाला जायला सांगितलंय आणि महिना झाला तरी घरचे निघालेले नाहीत. कारण तेच, राहायचं कुठे? आम्ही सगळे तिथेच बसलो. वहीच्या पानावर मराठीत लिहून दिलं: जुने रिपोर्ट, बायोप्सीचा कागद, आधार, रेशनकार्ड बरोबर घ्या. कसाऱ्याहून दादरला थेट लोकल आहे. दादरला संत गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करोगाच्या रुग्णांची सोय होते, तिथे चौकशी करू. खाली माझा नंबर. मावशींनी तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कनवटीला लावला.

संध्याकाळी घोटीला रेंज आली तेव्हा त्यांच्या पुतण्याचा मेसेज येऊन पडला होता. बुधवारी निघतायत. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकणार आहे, दादरला उतरवून घ्यायला. उद्या धर्मशाळेत जाऊन जागेचं विचारायचं, आणि जमलेले पैसे मंगळवारी पोचते करायचे. ८०जीच्या पावत्यांसाठी अजून काही जणांचे पॅन नंबर यायचेत, दोन हजारांच्या वर रोख दिलेल्यांना कर-सवलत मिळणार नाही हेही फोन करून सांगायचंय. ते गुरुवारी केलं तरी चालेल.