रिबन मायक्रोफोनची बहिरी बाजू

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर मी जी खोली ध्वनिमुद्रणासाठी वापरतो, तिच्या एका खिडकीखाली रहदारीचा रस्ता आहे, दुसऱ्या खिडकीत कूलर बसवलेला आहे आणि खाली शहाबादी फरशी आहे. या खोलीत मी सहा वर्षे एका बऱ्यापैकी कंडेन्सर (स्टुडिओत सर्रास वापरल्या जाणाऱ्या, बारीकसारीकही टिपणाऱ्या) मायक्रोफोनने भजने, हार्मोनियमवादन आणि अधूनमधून एखाद्या नाटकाचे निवेदन मुद्रित केले, आणि दरवेळी गाण्याबरोबर खोलीही मुद्रित झाली. दोन वर्षांपूर्वी स्वस्तातला एक रिबन मायक्रोफोन घेतला, तो त्याच्या आवाजाला जाहिरातीत ‘वॉर्म’, म्हणजे ऊबदार, म्हटले होते म्हणून. आज तो मला मोलाचा वाटतो तो वेगळ्याच कारणाने: त्याला दोन्ही कुशींकडून येणारे जवळजवळ काहीच ऐकू येत नाही.

हे बहिरेपण त्याच्या रचनेतच आहे. शक्तिशाली चुंबकाच्या दोन ध्रुवांमधल्या फटीत ॲल्युमिनियमची बारीक चुण्या पाडलेली अरुंद पट्टी सैलसर टांगलेली असते. तिची जाडी साधारणपणे २ ते ४ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे विसावा हिस्सा; मिठाईवरच्या वर्खाची आठवण यावी इतकी ती नाजूक असते. हवेच्या कंपनाने ती चुंबकीय क्षेत्रात हलते आणि तिच्यातच विद्युत्दाब निर्माण होतो, म्हणजे पडदाही तीच आणि तारही तीच. वाल्टर शॉट्की आणि एर्विन गेरलाख या जर्मन शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात ही कल्पना प्रत्यक्षात आणली. पुढे अमेरिकेत आरसीए कंपनीत हॅरी ओल्सन यांनी तिला नभोवाणीच्या कामाचे रूप दिले आणि १९३० च्या दशकात आरसीए ४४ हा मायक्रोफोन तिथल्या स्टुडिओंची ओळखच बनला.

पट्टी पुढून आणि मागून सारखीच उघडी असते. समोरून आलेला ध्वनी तिला मागे ढकलतो, मागून आलेला पुढे ढकलतो. पण कुशीकडून आलेला ध्वनी दोन्ही पृष्ठभागांवर एकाच वेळी, सारख्याच दाबाने पोहोचतो, त्यामुळे पट्टी हलतच नाही. त्याच्या ग्रहणक्षेत्राला आठच्या आकड्यासारखे म्हणतात (हा आठ इंग्रजी आकड्यांतला, आपला ८ इथे उपयोगाचा नाही). मला उशिरा लक्षात आलेली गोष्ट अशी की हे बहिरेपण केवळ डावी-उजवीकडे नसते. पट्टी ज्या पातळीत आहे ती सगळी पातळीच बहिरी असते, म्हणजे मायक्रोफोन सरळ उभा असेल तर वरचे छत आणि खालची फरशीसुद्धा. माझ्या खोलीतला सर्वांत उपद्रवी प्रतिध्वनी फरशी आणि छत यांच्या दरम्यानचाच होता. मायक्रोफोनची डावी कूस रस्त्याच्या खिडकीकडे केली आणि गायकाला तिच्याशी काटकोनात बसवले, तेव्हा रिक्षांचे हॉर्न पूर्णपणे गेले नाहीत, कारण भिंतींवरून परतून येणारा आवाज पुढून-मागूनही शिरतोच. पण मुद्रण वापरता येण्याजोगे झाले. मागची बाजू मात्र पुढच्या बाजूइतकीच ऐकते हे विसरून चालत नाही. माझ्याकडे मायक्रोफोनच्या मागे दोरीवर दोन जाड गोधड्या टांगलेल्या असतात. पाहुण्यांना त्या वाळत घातल्या आहेत असे वाटते.

या बहिऱ्या बाजूचा खरा उपयोग स्वतःच हार्मोनियम वाजवून गाणाऱ्या कलाकाराच्या वेळी कळतो. कंडेन्सरने असे मुद्रण केले की पेटी आणि गळा एकमेकांत इतके मिसळतात की नंतर एकाला हात लावला तर दुसरा बिघडतो. अशा वेळी मी एका मित्राकडून दुसरा रिबन मायक्रोफोन आणतो. गळ्याचा मायक्रोफोन थोडा वर कलवून त्याची बहिरी पातळी पेटीवर रोखायची, आणि पेटीचा मायक्रोफोन खाली कलवून त्याची बहिरी पातळी गायकाच्या तोंडावर रोखायची. हे बसवायला अर्धा तास लागतो. एक जण पेटीचा एकच सूर धरून बसतो आणि मी हेडफोन लावून गळ्याचा मायक्रोफोन बोटभर बोटभर फिरवत राहतो. एका विशिष्ट कोनात पेटी एकदम दूर गेल्यासारखी होते, तिथे स्टँडचा स्क्रू आवळायचा. त्यानंतर गायकाने जागेवरून फार हलू नये, एवढे पथ्य पाळावे लागते, आणि मनापासून गाणाऱ्या माणसाला ते पाळणे कठीण जाते हेही खरे.

आता त्या ‘वॉर्म’पणाबद्दल. माझ्या अनुभवात तो दोन वेगळ्या गोष्टींचा परिणाम आहे. एक तर स्वस्त रिबन मायक्रोफोनची वरच्या पट्ट्यांतली, म्हणजे उंच स्वरांची, ग्रहणशक्ती स्वर चढत जाईल तशी उतरत जाते. दुसरे म्हणजे जवळ गेले की खर्ज बेसुमार फुगतो, आणि हा फुगवटा इतर मायक्रोफोनपेक्षा इथे अधिक असतो. वीतभर अंतरावरून मुद्रित केलेला पुरुषी आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा येतो. दीड ते दोन फुटांवर बसवले की तोच आवाज सरळ होतो. वरच्या पट्ट्यांच्या उताराचा फायदा मला खंजिरीने शिकवला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली खंजिरी भजने विदर्भात गावोगावी होतात, आणि खंजिरीच्या चकत्यांचा आवाज कंडेन्सरमधून कानात टोचतो. रिबनमधून त्या चकत्या ऐकू येतात, पण टोचत नाहीत. मुद्रण ऐकून एक वयस्क खंजिरीवादक म्हणाले, “हा आवाज आमच्या खंजिरीचा वाटते जी, मागच्या वेळी पत्रा वाजल्यासारखा वाटे.” ज्या गायकाचा आवाज मुळातच झाकलेला आहे, त्याच्यासाठी इक्यूने (आवाजातले उंच-खालचे भाग कमी-जास्त करण्याच्या सोयीने) वरच्या पट्ट्या थोड्या उचलाव्या लागतात, आणि रिबनचा आवाज ही उचल फारसा कर्कश न होता सहन करतो.

स्वस्ताईचे गणित मात्र मायक्रोफोनच्या किमतीवर संपत नाही. रॉयर आर-१२१ हा १९९८ साली आलेला आणि रिबनला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांपैकी एक मायक्रोफोन हजार डॉलरहून अधिक किमतीचा आहे, तर एमएक्सएल आर१४४ सारखा मायक्रोफोन शंभर डॉलरच्या आसपास मिळत आला आहे. पण पट्टीतून निघणारा विद्युत्दाब इतका क्षीण असतो की आतल्या ट्रान्सफॉर्मरने वाढवल्यावरही तो कंडेन्सरच्या मानाने सुमारे २० डेसिबलने कमी भरतो. हळू आवाजाच्या गायनाला ६० डेसिबलहून अधिक गेन (म्हणजे वाढ) लागतो, आणि घरगुती इंटरफेसचा (मायक्रोफोन संगणकाला जोडणाऱ्या यंत्राचा) गेन शेवटपर्यंत फिरवला की गाण्याच्या मागे सतत फुसफुस ऐकू येते. पहिला महिनाभर मला वाटले की मायक्रोफोनच सदोष आहे. अखेर केबलच्या मध्ये जोडायचा छोटा बूस्टर घेतला, जो इंटरफेसच्या ४८ व्होल्ट फँटम पॉवरवर (मायक्रोफोनच्याच केबलमधून येणाऱ्या विजेवर) चालतो, २० ते २५ डेसिबल वाढवतो आणि ती फँटम पॉवर मायक्रोफोनपर्यंत जाऊ देत नाही. रिबन घेणाऱ्याने बूस्टरची किंमत आधीच हिशोबात धरावी. ती नंतर धरली की मन खट्टू होते.

फँटम पॉवरने रिबन जळते हा समज अर्धाच खरा आहे. केबल नीट जोडलेली असेल तर दोन्ही तारांवर सारखाच दाब असल्याने ट्रान्सफॉर्मर असलेल्या साध्या रिबनला काही होत नाही. एखादी तार तुटलेली किंवा शॉर्ट असेल तर मात्र पट्टीला झटका बसू शकतो. फुंकर त्याहून घातक असते. एका भजनी मंडळाचे बुवा बैठकीवर बसता बसता, सभामंडपातल्या सवयीने, मायक्रोफोनवर दोनदा जोरात फुंकले. मी ओरडलो तसे ते दचकून म्हणाले, “काहून जी, बंद आहे काय?” तो बंद नव्हता, पण त्यानंतर खर्जाच्या स्वरांवर फरफर येऊ लागली, कारण पट्टी ताणली जाऊन चुंबकाला घासत होती. दोष माझाच, मी आधी सांगायला हवे होते. नवी पट्टी बसवून घ्यायला मायक्रोफोन पुण्याला पाठवावा लागला, आणि येण्याजाण्यात पाच आठवडे गेले.

नागपुरात या फुंकरीचा एक भाऊ आहे, तो म्हणजे कूलर. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा कूलर बंद ठेवून दोन तास गा, असे कुणाला सांगण्याची माझी छाती होत नाही. मी मुद्रणाआधी तासभर कूलर चालवून खोली गार करतो, प्रत्येक गाण्यापुरता तो बंद करतो, आणि तो चालू असेपर्यंत मायक्रोफोनवर कापडी पिशवी घालून ठेवतो, कारण कूलरचा सरळ झोत पट्टीवर येणे फुंकरीपेक्षा फार वेगळे नाही. तोंडाचा वारा अडवणारे पॉप फिल्टर दोन लावतो. काम संपले की मायक्रोफोन उभाच ठेवतो, कारण आडवा ठेवल्यास पट्टी हळूहळू खाली झुकते. पावसाळ्यात तो सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात जातो. डब्याचे झाकण धाडकन लावायचे नाही, कारण आतली हवा दबते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी लोखंडी ग्रिल बनवण्याचे दुकान आहे आणि तिथला लोहकण वाऱ्याबरोबर वर येतो. चुंबक तो ओढून फटीत बसवतो, म्हणून पिशवी मुद्रण नसतानाही कायम असते.

घेताना काय पाहावे, असे विचारणाऱ्यांना मी ट्रान्सफॉर्मर पाहायला सांगतो. वेगवेगळ्या नावांनी विकले जाणारे अनेक स्वस्त रिबन मायक्रोफोन चीनमध्ये बनतात, आणि त्यांतले बरेचसे आतून एकमेकांसारखे असतात. पट्टी आणि चुंबक बहुधा ठीक असतात. काटकसर होते ती ट्रान्सफॉर्मरवर, आणि लहान ट्रान्सफॉर्मरमध्ये खर्ज पातळ होतो व जवळच्या अडॅप्टरचा गुणगुणाटही शिरतो. हाताला सोल्डरिंगची सवय असेल तर लुंडाल किंवा सिनेमॅग या कंपन्यांचा ट्रान्सफॉर्मर बसवता येतो, फक्त लोखंडी स्क्रू ड्रायव्हर चुंबकाजवळ नेताना तो खेचला जाऊन पट्टी फाटते हे लक्षात ठेवावे. माझ्या मायक्रोफोनचा ट्रान्सफॉर्मर मी अजून बदललेला नाही. अडॅप्टर चार फूट दूर नेला आणि मायक्रोफोन थोडा वळवला, तेवढ्याने गुणगुण गेली.

सध्या ज्या प्रयोगात गुंतलो आहे तो ॲलन ब्लमलाइन या ब्रिटिश अभियंत्याने १९३१ साली पेटंटसाठी मांडलेल्या स्टिरिओ मुद्रणाच्या पद्धतीचा आहे: दोन रिबन मायक्रोफोन एकावर एक, एकमेकांशी काटकोनात. गेल्या गुरुवारी मंडळाला त्याभोवती अर्धवर्तुळात बसवले. पेटी डावीकडे, खंजिरी उजवीकडे, टाळकरी मधोमध. स्पीकरवर लावले तेव्हा प्रत्येक जण आपापल्या जागी बसलेला ऐकू आला, फक्त टाळकऱ्यांतले दोघे पेटी-खंजिरीच्याही पलीकडे, पार कडेला सरकले होते; तिथला आवाज एका मायक्रोफोनला पुढून तर दुसऱ्याला मागून ऐकू येतो, त्यामुळे मुद्रणात त्यांची जागाच ठरेना. पुढच्या गुरुवारी सतरंजीवर खडूने खुणा करणार आहे.