भाकरी आणि प्रयोजक क्रियापद

आमच्या मांजरीचं नाव भाकरी. अंगानं पांढरी आणि पाठीवर तव्याला लागल्यासारखे तपकिरी डाग, म्हणून. इथे म्युनिकमध्ये दवाखान्यात जनावराला मालकाचं आडनाव लावून पुकारतात. रिसेप्शनवरची मुलगी दार उघडून "बाकारी कुलकर्णी" म्हणाली की मला दर वेळी हसू यायचं. सात आठवड्यांपूर्वीच्या त्या रविवारी नाही आलं.

आधीचे आठ-दहा दिवस ती जरा कमी जेवत होती. पोट मात्र सुटलं होतं. नवरा म्हणाला, "भाकरी टम्म फुगलीय बघ." मी फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला, खाली वहिनीचे हसण्याचे सात इमोजी. तो फोटो अजून तिथेच आहे, काढून टाकायचं धाडस होत नाही. रविवारी सकाळी ती कपाटाखालून बाहेरच येईना. ओढून काढली तर कान तापलेले आणि पोट हाताला पाण्याच्या फुग्यासारखं लागलं. वय सात महिने.

बिलाचं आधी सांगून टाकते, नाहीतर मला पुढचं लिहवणार नाही. इथे जनावरांच्या डॉक्टरांची फी सरकारी अध्यादेशानं ठरलेली असते. 2022 च्या नोव्हेंबरात नवी यादी आली. कुत्र्या-मांजराची साधी तपासणी 23 युरो 62 सेंट, आणि कॅनरी पक्ष्यापासून घोड्यापर्यंत सगळ्यांचं सगळं त्यात. हा आकडा एकपट. डॉक्टर तिप्पट लावू शकतो, पण एकपटीच्या खाली उतरायची त्यालाही मुभा नाही. रविवारी किमान दुप्पट, वर 50 युरो आपत्कालीन शुल्क, आणि या सगळ्यावर 19 टक्के कर. म्हणजे सिरिंजचं पाकीटसुद्धा उघडलं नव्हतं तेव्हा आमचे 115 युरो 72 सेंट झाले होते. मी तिथे बसून फोनवर गुणाकार केला. शेजारी तापानं फणफणलेली मांजर पिंजऱ्यात, आणि मी गुणाकार करतेय. सांगलीत आमच्या गल्लीत जे डॉक्टर स्कूटरवरून यायचे ते म्हशीला इंजेक्शन देता देता आमच्या मांजराकडेही बघून जायचे आणि "राहू दे ओ" म्हणायचे. अर्थात त्यांच्याकडे सोनोग्राफी नव्हती हेही खरं. आणि ते "मांजराला काय होतंय" म्हणून निघून गेले की आमचं मांजर कधी कधी मरायचं, हेही.

असो. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. पोटातून सिरिंजनं थोडं पाणी काढलं. पिवळसर, चिकट, बोटात धरलं तर तार येईल असं. मग त्यांनी एका परीक्षानळीत पाणी घेतलं, त्यात अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा एक थेंब घातला, नळी हलवली, आणि पोटातल्या पाण्याचा एक थेंब वरून अलगद सोडला. "बघा," म्हणाल्या. थेंब विरघळला नाही. आपला आकार धरून हळूहळू खाली उतरत गेला. मी आयुष्यभर हे बघत आलेय! संक्रांतीला आई वाटीत पाणी घेऊन गुळाच्या पाकाचा थेंब टाकायची, गोळी झाली की गॅस बंद. माझ्या तोंडून मराठीत "झाला की पाक" असं निघून गेलं. बाईंना काय कळणार. रिवाल्टा चाचणी म्हणतात तिला. अशी गोळी टिकली की संशय पक्का होत जातो. पुढे मंगळवारी लॅबनं शिक्का मारला. एफआयपी.

थोडक्यात सांगायचं तर मांजरांचा एक कोरोना विषाणू असतो, आपल्या कोविडवाला नाही, वेगळा. बऱ्याच मांजरांच्या आतड्यात तो असतो आणि फार काही करत नाही. एखाद्याच मांजरात त्याचं रूप पालटतं आणि मग तो अंगभर पसरतो, तोच हा एफआयपी. बळी बहुतेक दोन वर्षांच्या आतली पोरं. पोटात पाणी होण्याचा जो प्रकार, त्यात औषध न देता दिवस किंवा आठवडेच मोजायचे. पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत बहुतेक डॉक्टर हे नाव घेतलं की थेट शेवटाबद्दलच बोलत. आता औषध आहे. जीएस-441524, कोविडात आपण सगळ्यांनी पाठ केलेल्या रेमडेसिवीरचं भावंड. कॅलिफोर्नियात नील्स पेडरसन यांच्या गटानं 2019 मध्ये 31 मांजरांवरचा प्रयोग छापला, त्यातली 25 टिकली. त्याच्या आदल्या वर्षीपर्यंत हा आकडा कुणी खरा मानला नसता. कोर्स 84 दिवसांचा, रोज ठरलेल्या वेळी गोळी.

हे सगळं सांगून बाई म्हणाल्या, दोन रस्ते आहेत. एक तर उपचार. सगळं मिळून अडीच-तीन हजार युरो धरा. दुसरा रस्ता त्यांनी एका शब्दात सांगितला: आइनश्लेफर्न.

माझं जर्मन बी-वन, म्हणजे मधल्या पातळीचं. आइनश्लाफन म्हणजे झोपी जाणं, हे पहिल्याच पुस्तकात आहे. आइनश्लेफर्न म्हणजे झोपवणं. शाळेत बाईंनी घोकून घेतलेलं प्रयोजक क्रियापद! झोपणे, झोपवणे. हसणे, हसवणे. क्रिया दुसऱ्याची, पण कर्ता आपण. आणि मराठीत झोपवणं म्हणजे मांडीवर घेऊन थोपटणं, दुसरा अर्थच नाही. त्यामुळे माझ्या डोक्यात आधी थोपटणंच आलं आणि मी मान डोलावली. नवऱ्यानं दंड धरला तेव्हा कळलं मी कशाला मान डोलावतेय.

मी विचारलं, घरी नेऊन वाट बघितली तर? बाई म्हणाल्या, हा पर्याय नाही.

मला हे लागलं. कारण आमच्याकडे तेवढा एकच पर्याय असायचा. आमच्या मनीला मी चौथीत असताना असंच काहीतरी झालं. ती माळ्यावर जाऊन बसली. आजी रोज दुधाची वाटी वर सरकवायची आणि संध्याकाळी तशीच खाली आणायची. नऊ दिवस. मांजराला आपण मारायचं नाही, मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, हे आजीनं सांगितलेलं. त्यामुळे कुणी काही केलं नाही. दहाव्या दिवशी वडिलांनी तिला पोत्यात गुंडाळून मळ्यात पुरलं आणि आम्ही म्हणालो, सुटली बिचारी. ते नऊ दिवस ती रात्री कशी ओरडायची हे मी वीस-बावीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. आत्ता लिहिलं.

तर मी बाईंना पुढचं विचारलं. "आणि आम्हाला परवडलं नाही तर?" त्यांनी पेन खाली ठेवलं. आवाज चढवला नाही, पण इथल्या लोकांना आवाज न चढवता दार लावता येतं. म्हणाल्या, ती आज थोडं खातेय, आजाराला औषध आहे. नुसते पैसे नाहीत हे रास्त कारण होत नाही. उपचार लागू पडला नाही आणि तिला यातना होऊ लागल्या तर तो दिवस वेगळा, तेव्हा मी स्वतः तुम्हाला सांगेन. हप्ते बांधून देते.

घरी येऊन मी कायदा वाचला. रागानं वाचला. 'रास्त कारणाशिवाय' हे शब्द त्यांच्या प्राणिसंरक्षण कायद्यात खरंच आहेत, आणि कारणाशिवाय पाठीचा कणा असलेला प्राणी मारला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. 1990 पासून नागरी कायद्यात स्पष्ट लिहिलंय की प्राणी म्हणजे वस्तू नव्हे, आणि 2002 मध्ये प्राण्यांचं रक्षण थेट राज्यघटनेत घातलं. वाचून मान खाली गेली. आपला 1960 चा कायदा आठवला, पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये.

पण मग डोकं परत वर आलं. याच देशात अंडी न देणारी म्हणून कोंबड्यांची नर पिल्लं जन्मली त्या दिवशी मारत होते, वर्षाला साडेचार कोटींच्या आसपास. बंदी आली 2022 च्या जानेवारीत. म्हणजे साडेचार कोटींना इतकी वर्षं कारण रास्त होतं आणि मी एक प्रश्न विचारला तर पेन खाली! शिवाय कोपऱ्यावरच्या बिअरगार्डनमध्ये डुकराची तंगडी सोलत बसलेल्यांना कुणी कारण विचारत नाही. आणि आपल्याकडे काहीच नव्हतं असंही नाही. परळचं बैलघोडा हॉस्पिटल एकोणिसाव्या शतकातलं आहे, दिनशा पेटिटांनी पत्नीच्या नावानं उभं केलेलं. हे सगळं मी नवऱ्याला रात्री साडेअकराला ऐकवलं. तो म्हणाला, "बरं. पण भाकरीचं काय करायचं?"

त्याचं मत झोपवावं असंच होतं. तो निर्दय नाही. रात्रभर तिच्यापाशी जमिनीवर तोच झोपला. त्याचं म्हणणं, चौऱ्याऐंशी दिवस रोज तिचा जबडा उघडायचा, दर थोड्या दिवसांनी रक्त काढायचं, आणि मग नाहीच झालं तर? हे आपण तिच्यासाठी करतोय की आपल्यासाठी? मला उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, करूया. इतकंच.

आईला आकडा सांगितला नाही. त्याच महिन्यात बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं गेलं होतं. ते पैशांमुळे नाही, हे मी इथे स्पष्ट लिहिते. पैसे मी पाठवलेत, ते बँकेत पडून आहेत. बाबा भूल द्यायला घाबरतात म्हणून दर वेळी "दिवाळीनंतर बघू" चाललंय. पण जवळजवळ तेवढ्याच पैशांचं इथे मांजराचं बिल झालं, आणि तिकडे बाबा जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरतात. आईनं विचारलं, "बरीच महाग असतील ना गं औषधं तिकडे?" मी म्हटलं, "विमा आहे." मांजराचा विमा आम्ही काढलेला नाही.

गोळ्या फार्मसीनं चिठ्ठीवर बनवून दिल्या. वेळ रात्री आठची. पहिल्या दिवशी नवऱ्यानं टॉवेलात गुंडाळून धरलं आणि मी गोळी घातली, तिनं ती दोन मिनिटं गालात धरून सोफ्याखाली नेऊन टाकली. एका गोळीची किंमत माहीत असल्यामुळे मी सोफा उचलला. एकटीनं. चौथ्या दिवशी ताप उतरला. दहाव्या दिवशी ती खिडकीत चढली.

खालच्या मजल्यावरच्या आजींबद्दल लिहायला हवं. दोन वर्षांपूर्वी रविवारी मी चटणीसाठी मिक्सर लावला म्हणून त्यांनी घरमालकाला पत्र पाठवलं होतं. तेव्हापासून आमचं बोलणं "ग्रुस गॉट" एवढंच. त्या पहिल्या आठवड्यात आमच्या दाराच्या मुठीला एक पिशवी अडकवलेली. आत चेरीच्या बियांनी भरलेली छोटी उशी, आणि मोठ्या अक्षरात चिठ्ठी: मायक्रोवेव्हमध्ये दीड मिनिट, जास्त नाही, आधी स्वतःच्या गालाला लावून बघणे. त्यांना कसं कळलं विचारलं तर म्हणाल्या, जिन्यात तुम्ही पिंजरा दोन्ही हातांनी छातीशी धरून नेत होतात. आता मला ऑफिसात उशीर झाला तर आठची गोळी त्याच देतात. टॉवेल लागत नाही त्यांना. मिक्सरवरचा आक्षेप मात्र कायम आहे.

आज बेचाळिसावा दिवस. गेल्या आठवड्यात पोटात पाणी दिसलं नाही, रक्तही चांगलं आलं. आणि बाईंनी नवंच काढलं. याच शहरातल्या विद्यापीठात, पोटात किंवा छातीत पाणी झालेल्या चाळीस मांजरांवर अभ्यास झाला, 2024 मध्ये छापून आला. निम्म्यांना 84 दिवस औषध, निम्म्यांना 42. फरक पडला नाही. तेव्हा आज थांबवू शकता, म्हणाल्या, तुम्ही ठरवा.

पुन्हा मीच ठरवा! नवरा म्हणतो थांबवू, शास्त्र सांगतंय, भाकरीलाही सुटी. माझी जीभ "हो" म्हणायला उचलत नाही. चाळीस मांजरांत भाकरी नव्हती.

ओट्यावर तिची वजनाची वही आहे. पहिल्या दिवशी 2.45 किलो, ते पाण्यासकट. मग खाली उतरलं, 2.2 पर्यंत. आज सकाळी 3.05. समोर बसून ती पेनाच्या टोपणाला पंजा मारतेय. पहिल्याच रात्री मी त्या वहीत चौऱ्याऐंशी ओळी आखून ठेवल्या होत्या. नवरा म्हणतो, उरलेल्या पुसून टाक. मी त्या पेनानं आखल्यात.