तुम्ही विचारलंत म्हणून: रात्री अकराचा शोरमा

"सिस्टर, पोट बिघडलेली माणसं तुम्ही रोज बघता, आणि तरी रात्री अकराला शोरमा खाता?" हे मला वॉर्डातल्या नातेवाइकांनी विचारलंय, माझ्या जाऊबाईंनी विचारलंय, मारुती मंदिरच्या नाक्यावर भेटलेल्या माझ्या शाळेतल्या बाईंनीसुद्धा. कधीकधी त्यालाच जोडून दुसरा प्रश्न येतो: रत्नागिरीत राहून, बांगडा-सुरमई सोडून, हा परक्या मुलखातला, सळईवर भाजलेल्या चिकनचा रोल कशाला? दोन्हींना एकच उत्तर पुरत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी इथल्या एका खासगी हॉस्पिटलात नर्स आहे. माझी पाळी दुपारी दोन ते रात्री दहा. पुढच्या सिस्टरला एकेक पेशंट समजावून देईपर्यंत साडेदहा होतात. तोवर खानावळींनी ताटं विसळून उपडी घातलेली असतात. घरची मंडळी जेवून झोपलेली. खाडीपलीकडे, भाट्ये पूल ओलांडून घरी जायचं, मग डबे उघडायचे, गरम करायचं, एकटीनं बसायचं. कितीतरी वर्षं मी हे केलं, आणि त्यातल्या बऱ्याच रात्री चहा-बिस्किटावर काढल्या.

जुलैतली ती रात्र मला नीट आठवते. वॉर्डात एकाच घरातले चौघं सलाइनवर होते: आजी, सून आणि दोन मुलं. दुपारचा भात पातेल्यात झाकून ओट्यावर राहिला होता. रात्री त्याला फोडणी दिली, सगळ्यांनी खाल्ला, आणि पहाटेपासून उलट्या. डॉक्टरांचा संशय भातावरच होता. शिजलेला भात तासन् तास कोमट राहिला की त्यात बॅसिलस सिरियस नावाचा जीवाणू वाढतो. तो जे विष सोडतो त्यातलं एक इतकं चिवट असतं की कढईतल्या आचेनंही नाहीसं होत नाही. आजी मला सारखं म्हणत होत्या, "बाय, आम्ही भायेरचा काय खाल्लाव नाय गो." त्यांना त्याचंच नवल वाटत होतं.

त्या रात्री बाहेर पडले तेव्हा पाऊस असा की छत्रीचा उपयोग नव्हता. रस्त्यावर एकाच हॉटेलात दिवा होता. दाराशी काचेमागे उभी सळई फिरत होती, तिच्यामागे गॅसच्या जाळ्या लाल तापलेल्या. मी आडोशाला म्हणून उभी राहिले. थंडीनं हात आखडले होते आणि त्या जाळीची धग काचेतून बाहेर येत होती. दालचिनी, वेलची, जळत्या चरबीचा वास. मालकांनी नुसतं विचारलं, "रोल देऊ, सिस्टर?" गणवेश दिसत असणार.

मी हो म्हणायच्या आधी दहा मिनिटं बघत राहिले, आणि माझं सगळं उत्तर त्या दहा मिनिटांत आहे.

शोरम्याचं तंत्र मुळात साधं आहे. बिनहाडाच्या चिकनचे चपटे काप दही, लिंबू किंवा व्हिनेगर, लसूण आणि मसाल्यात मुरवतात आणि सळईवर एकावर एक दाबून रचतात. सळई फिरते, आच एका बाजूनं लागते, बाहेरचा थर शिजून तांबूस होतो, तो सुरीनं तासून घ्यायचा. मग आतला थर आचेसमोर येतो. शिजणं आणि तासणं यांचा वेग जुळला पाहिजे, सगळी मेख इथे आहे. गिऱ्हाइकांची गर्दी झाली की सुरी खोल जाते आणि अर्धकच्चं मांस रोलमध्ये येतं. गिऱ्हाईक नसलं की काहीजण गॅस वाचवायला जाळी बंद करतात आणि सळई नुसती फिरत राहते. मला दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त भयंकर वाटते, कारण ती दिसत नाही. 5 ते 60 अंश सेल्सियसच्या मधली कोमट अवस्था जीवाणूंना सर्वांत मानवते. चिकन आतपर्यंत 74 अंशांना पोचलं की ते निर्धास्त खावं, आणि त्यानंतर गरमच राहावं.

ते मालक काय करत होते? पाऊस असून, गिऱ्हाईक मी एकटी असून, जाळी पेटलेली होती. तासलेलं चिकन त्यांनी सरळ रोलमध्ये भरलं नाही. शेजारच्या तव्यावर टाकलं, उलथन्यानं बारीक केलं, चरचर आवाज येईपर्यंत परतलं. सुरी तासायला एक, कोबी-काकडी चिरायला दुसरी. पैसे घ्यायला त्यांचा पुतण्या, म्हणजे नोटांचा हात आणि जेवणाचा हात वेगळा. वॉर्डात नव्या मुलींना आम्ही हेच शिकवतो.

मग मी मेयोनीजबद्दल, म्हणजे रोलमध्ये लावतात त्या अंडं-तेल घुसळलेल्या पांढऱ्या लेपाबद्दल, विचारलं. हा प्रश्न कुणीही न लाजता विचारावा. बाजारातलं बरचसं हाताचं मेयोनीज कच्च्या अंड्याचं असतं. अंड्यातून साल्मोनेला नावाचा जीवाणू येऊ शकतो, आणि शिजवण्याची पायरीच नसल्यामुळे त्याला मारणारं काही नसतं. त्यात आपल्याकडे पावसाळ्यात लाइट जाते. वारा सुटला की दोन-दोन तास फ्रीज नुसतं कपाट होतं, आणि हवा ही अशी दमट. केरळात 2022 च्या मे महिन्यात कासरगोड जिल्ह्यात शोरमा खाऊन एक सोळा वर्षांची मुलगी गेली. बाधा झालेल्यांमध्ये शिगेला जीवाणू सापडला. पुढे जानेवारी 2023 मध्ये केरळ सरकारनं कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली. त्या मुलीची बातमी मी ड्युटीवर वाचली होती, आणि त्यानंतर बराच काळ मला शोरम्याचं नावही नको वाटायचं.

मालक म्हणाले, "अंडा नाय टाकत. ही लसणाची हाय." तूम. लसूण आणि मीठ वाटत वाटत त्यात थेंबाथेंबानं तेल आणि लिंबू घालायचं, म्हणजे पांढरीशुभ्र, लोण्यासारखी चटणी होते. लेबनॉन-सीरियाकडे शोरम्यासोबत हीच देतात. मी बोटावर घेऊन चाखली. लसूण थेट डोळ्यांत गेला.

मग रोल खाल्ला. खुबूस, म्हणजे अरबी रोटी, तव्यावर शेकलेली, कडेनं किंचित करपलेली. आत चिकन, कोबी, व्हिनेगरमध्ये मुरवलेली काकडी. पहिल्या घासाला कुरकुरीत, मग मऊ, मग तो लसूण. आठ तास उभं राहिलेल्या माणसाला गरम, आंबट आणि खारट अन्न काय देतं ते मला शब्दांत सांगता येत नाही. मी बाकावर बसून पूर्ण खाल्ला आणि एक घरी बांधून घेतला.

आता तो परकेपणाचा प्रश्न. शोरमा हे नाव फिरवण्याच्या तुर्की शब्दावरून, चेविर्मेवरून, अरबीत आलं. उभ्या सळईची पद्धत एकोणिसाव्या शतकातल्या उस्मानी तुर्कस्तानातली. लेबनीज माणसं मेक्सिकोला गेली तेव्हा सळई सोबत घेऊन गेली, आणि तिथे तिचं ताको अल पास्तोर, म्हणजे छोट्या रोटीत भरलेलं सळईवरचं मांस, झालं. जिथे माणूस पोटासाठी गेला तिथे सळई गेली. कोकणात ती कशी आली हे मला कुणी सांगायला नको, कारण मी ते बघितलंय. माझं माहेर खाडीकाठच्या गावात. आमच्या वाडीला लागून मोहल्ला. तिथल्या प्रत्येक दुसऱ्या घरातला कुणीतरी कुवेत, दम्माम नाही तर दुबईला. शेजारच्या खालांचा मुलगा सुट्टीवर आला की आमच्या घरी निडो दूधपावडरचा डबा आणि टँगचं पाकीट यायचं. ओटीवर बसून तो आम्हा मुलांना सांगायचा की तिकडे रात्री दोनला कामावरून सुटलो की रस्त्यावर शोरमा खातो, तेव्हा घरची आठवण जरा कमी होते. खाला आत भाकऱ्या थापत ते ऐकायच्या. भाकरी थापायचा आवाज मध्येच थांबायचा. मी तो शब्द पहिल्यांदा तिथे ऐकला, चव कळायच्या वीस वर्षं आधी.

हे मालकही शारजात अकरा वर्षं एका छोट्या कॅफेटेरियात सळईवर उभे होते. आईच्या आजारपणात परत आले ते राहिलेच. म्हणजे या माणसानं अकरा वर्षं परमुलखात उभं राहून हात कमावला आणि तो हात गावी आणला. आंबा मुंबईला जातो आणि मनिऑर्डर गावी येते, असं चाललेल्या या मुलखात ही कमाई मला परकी म्हणवत नाही. सुरमई माझी आहेच. रात्री अकराला ती कुणी तळून देत नाही.

तेव्हा तुम्ही खावा का? मी सगळीकडे खात नाही. जाळी बंद दिसली, चिकन तव्यावर परतत नसतील, मेयोनीजचा डबा बाहेर उघडा असेल, तर मी घरी जाऊन दूधभात खाते. लहान मुलं, गरोदर बाई, केमोथेरपी चालू असलेला पेशंट यांच्यासाठी मी रोल बांधून नेत नाही. आणि खाल्ल्यावर ताप, रक्ताची शी किंवा लघवी कमी होणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच या. आम्ही जागेच असतो.

एक गोष्ट मला बरेच दिवस विचारायची होती, ती शेवटी विचारली. उरलेल्या चिकनचं काय करता? दुसऱ्या दिवशी पुन्हा तापवलं तरी स्टॅफिलोकोकस जीवाणूचं विष जात नाही, हे मला माहीत आहे, आणि बऱ्याच हॉटेलवाल्यांना माहीत नसतं. ते म्हणाले, "उरंल इतका लावतच नाय, सिस्टर." जून-जुलैत मासेमारी बंद. मिरकरवाड्याला होड्या शाकारलेल्या, खलाशी गावाला गेलेले, त्यामुळे सळई जेमतेम वीतभर. संपली की काच पुसायची आणि दिवा बंद. दोनदा मी पावणेअकराला पोचले आणि उपाशी परत आले. दोन्ही वेळा मला बरंच वाटलं.

नारळी पौर्णिमा झाली की समुद्रावरून येणारी पोरं रात्री तिथे गर्दी करतात, आणि सळई पुन्हा हातभर होते.