उद्यमनगरची धूळ आणि प्रोसेसरचा ताप

आमचं घर कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या भागाला लागून. लेथ-ग्राइंडरची बारीक काळी धूळ खिडकीतून येते ती थेट कॉम्प्युटरच्या केबिनेटच्या पुढच्या जाळीवर बसते. एप्रिलच्या उन्हात माझा एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर व्हिडिओ रेंडर करताना ८८ अंशांवर जाऊ लागला. एएमडीने त्याची कमाल मर्यादा ९० दिली आहे. तिथे पोचल्यावर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, लगेच जळत नाही, त्यामुळे घाबरू नका. पण एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आकडा बघायचा तो भर कामातला. मशीन रिकामं असतानाच्या आकड्यावरून काही कळत नाही.

जाळी झाडली, प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकवर ब्लोअर मारला. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरायचाच, नाहीतर गरागरा फिरून बेअरिंग जातं. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली जुनी थर्मल पेस्ट वाळून भुकटी झालेली. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मटारच्या दाण्याएवढी नवी लावली. पेस्टचं काम दोन धातूंमधल्या फटींतली हवा घालवायचं, म्हणून जाड थर नको.

शिवाय बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, कमी वीज वापरणारा ४५ वॅटचा इको मोड लावला. रेंडरला थोडा वेळ जास्त लागतो, पण आकडा सत्तरीच्या आत राहतो. माझ्या मते उन्हाळ्यात हा सौदा फायद्याचाच. आता केबिनेटला मागे एक पंखा बसवणार आहे, गरम हवा बाहेर काढायला.