राशी तीच, रूप वेगळे

त्रिकोणमितीच्या नित्यसमानता, म्हणजे दोन्ही बाजूंना अर्थ असेल अशा प्रत्येक कोनासाठी खऱ्या असणाऱ्या समानता, सूत्रांच्या तक्त्यातून शिकवल्या जातात, आणि तो तक्ता पाठ झाला की विषय आला असे धरले जाते. मला हे अपुरे वाटते. नित्यसमानतेच्या दोन्ही बाजूंचे मूल्य सारखे असले तरी त्यांची उपयुक्तता सारखी नसते. समोरच्या राशीला कोणते रूप दिले असता हाती असलेल्या माहितीवरून तिची किंमत काढता येईल, हे ओळखणे ही खरी विद्या आहे, आणि ती पाठांतराने येत नाही.

कोसाइन २अ याची तीन रूपे सर्वांना ठाऊक असतात: कोसाइन² अ − साइन² अ, १ − २ साइन² अ आणि २ कोसाइन² अ − १. एकाच गोष्टीसाठी तीन सूत्रे कशाला, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडतो आणि तो रास्त आहे. समजा, कोसाइन अ = १/३ एवढेच दिले आहे. तिसरे रूप घेतले की कोसाइन २अ = २/९ − १ = −७/९ हे उत्तर एका ओळीत मिळते; साइन काढावा लागत नाही आणि कोन कोणत्या चरणात (०° ते ९०°, ९०° ते १८०° अशा चार भागांपैकी कोणत्या भागात) आहे हेही विचारावे लागत नाही. मात्र त्याच माहितीवरून साइन २अ काढायला गेलो, तर २ साइन अ कोसाइन अ या सूत्रात साइन अ लागतो. तो + २√२/३ असेल किंवा − २√२/३, त्यामुळे चरण सांगितल्याशिवाय उत्तर ४√२/९ की −४√२/९ हे ठरतच नाही. दिलेली माहिती कोठवर पुरते हे सूत्राच्या निवडीतूनच कळते, म्हणून आकडेमोडीला हात घालण्यापूर्वी या निवडीवर थांबावे असे मी आग्रहाने म्हणतो.

कधी कधी राशी सोपी करण्यासाठी ती आधी थोडी मोठी करावी लागते. कोसाइन २०° × कोसाइन ४०° × कोसाइन ८०° या गुणाकारातील एकाही घटकाची किंमत सरळ वर्गमुळांत मांडता येत नाही; पण कोन दर वेळी दुप्पट होत आहेत, ही खूण पुरेशी आहे. राशीला साइन २०° ने गुणा. साइन २०° कोसाइन २०° म्हणजे साइन ४०° चा निम्मा भाग. त्याला कोसाइन ४०° ने गुणले की साइन ८०° चा चौथा भाग, आणि कोसाइन ८०° ने गुणले की साइन १६०° चा आठवा भाग. साइन १६०° आणि साइन २०° समान असल्यामुळे, आणि साइन २०° शून्य नसल्यामुळे, मूळ गुणाकार नेमका १/८ येतो. तीन अवघड संख्यांचा गुणाकार इतका स्वच्छ निघावा, याचा आनंद मला आजही तेवढाच होतो.

हे रूपांतर केवळ परीक्षेसाठी जन्मलेले नाही. आर्यभटाच्या ज्यासारणीत, म्हणजे साइनच्या (तेव्हाच्या भाषेत ‘ज्या’च्या) तक्त्यात, ३°४५′ च्या टप्प्याने ९०° पर्यंत २४ ज्या येतात. हा टप्पा विचित्र दिसतो, पण ३०° चे तीनदा अर्धे केले की १५°, ७°३०′ आणि ३°४५′ हेच कोन येतात. अर्ध्या कोनाची ज्या काढण्याचे साधन म्हणजे साइन² अ = (१ − कोसाइन २अ)/२ ही नित्यसमानता, आणि ती सहाव्या शतकात वराहमिहिराच्या पंचसिद्धांतिकेत आढळते. तिच्यातील १ − कोसाइन या राशीला आपल्या ज्योतिर्गणितात उत्क्रमज्या असे स्वतंत्र नावच होते. युरोपात सोळाव्या शतकात टायको ब्राहेसारखे खगोलज्ञ मोठमोठे गुणाकार टाळण्यासाठी २ कोसाइन अ कोसाइन ब = कोसाइन (अ − ब) + कोसाइन (अ + ब) हे सूत्र वापरत असत, म्हणजे गुणाकाराच्या जागी सारणी पाहून केवळ बेरीज करत; नेपिअरचे लॉगॅरिथम १६१४ साली प्रसिद्ध झाल्यावर ही गरज ओसरली.

संगणकाच्या काळात तरी दोन्ही रूपे सारखीच चालतील, असे वाटेल. तसे होत नाही. कोन ०.०००१ रेडियन घ्या आणि आठ दशांश स्थळांपर्यंत काम करणाऱ्या यंत्रावर १ − कोसाइन काढा. कोसाइनची किंमत सुमारे ०.९९९९९९९९५ असल्यामुळे ती आठ स्थळांत १ होते आणि वजाबाकीचे उत्तर शून्य येते. तीच राशी २ साइन² (अ/२) अशी लिहिली, आणि लहान संख्यांचे सार्थ अंक (सुरुवातीची शून्ये सोडून उरणारे अर्थपूर्ण अंक) यंत्राने राखले, तर ०.०००००५ सहस्रांश, म्हणजे ५ × १०⁻⁹, हे योग्य उत्तर मिळते. जवळजवळ समान असलेल्या दोन संख्यांची वजाबाकी झाली की सार्थ अंक नाहीसे होतात, आणि दुसऱ्या रूपात ती वजाबाकीच उरत नाही. पृथ्वीवरील जवळच्या दोन ठिकाणांमधील अंतर काढण्यासाठी अर्ध्या कोनाच्या साइनचा वर्ग वापरणारे सूत्र पसंत केले जाते, ते याच कारणाने.

रूप बदलताना अटीही बरोबर न्याव्या लागतात, आणि येथे पुस्तके फार घाईने पुढे जातात. साइन² अ/(१ − कोसाइन अ) = १ + कोसाइन अ हे लिहिणे योग्य आहे, परंतु अ = ०° असताना डावी बाजू अर्थहीन असते आणि उजवी २ असते. म्हणून ही समानता दोन्ही बाजूंना अर्थ असेल तेथेच खरी धरायची. वर्गमुळाच्या बाबतीत तर अधिक जपावे लागते. √(१ − साइन² अ) याच्या जागी कोसाइन अ लिहिण्याची सवय इतकी पक्की असते की चिन्हाकडे लक्ष जात नाही. वास्तविक तेथे कोसाइन अ चे केवलमूल्य हवे. अ = १५०° घेऊन पाहिले तर वर्गमूळ √३/२ येते आणि कोसाइन १५०° मात्र −√३/२ आहे.