वाटचाल आमच्या शेंगांच्या भट्टीची

धंदा सुरू झाला तो १९७९ च्या मार्चमध्ये. शिकागोच्या उत्तर भागात, रिग्ली फील्ड या बेसबॉलच्या मैदानापासून चालत पंधरा मिनिटांवर, बंद पडलेल्या एका बेकरीची मागची बाजू आम्ही भाड्याने घेतली. गॅसवर चालणारी जुनी ढोलाची भट्टी, एक मोठी चाळण, एक वजनकाटा आणि राबायला मी आणि बायको. मी तोवर आठ वर्षं खाद्यपदार्थांची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात फिटर होतो. भट्टी तिथेच दुरुस्तीला आली होती. मालकाला ती परत न्यायची नव्हती, म्हणून भंगाराच्या भावात मिळाली.

शेंगाच का, हे बरेच जण विचारतात. आमचं मूळ गाव कराडजवळचं. आजोबा भुईमूग करायचे. वडील मुंबईला गिरणीत लागले, पुढे थोरले दादाही लालबागला गिरणीतच चिकटले, आणि आमचं बिऱ्हाड परळच्या चाळीत. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो की बांधावर पाला पेटवून शेंगा भाजायच्या. आजी आगीकडे पाठ करून बसलेली असायची आणि नुसत्या वासावरून सांगायची, "आता काढा रं." कच्च्या शेंगेचा वास हिरवट, ओलसर असतो. मग तो गोडसर होतो. त्यानंतर जेमतेम अर्धा मिनिट मिळतं, तेवढ्यात माल बाहेर आला पाहिजे. ते हुकलं की कडवटपणा कशाने जात नाही. आमच्या भट्टीला तापमानाचा काटा आहे, पण पोतं जुनं आहे की नवं आणि त्यात ओल किती, हे काट्याला कळत नाही.

बेसबॉल मी पहिल्यांदा पाहिला १९७२ साली, कारखान्यातल्या मंडळींबरोबर. खेळ काही कळला नाही. दिसलं ते एवढंच की हजारो माणसं शेंगा सोलतायत, टरफलं सरळ पायाखाली टाकतायत आणि कुणी कुणाला काही बोलत नाही. टिळकांच्या टरफलांची गोष्ट शाळेत ऐकून वाढलेला मी, ते दृश्य विसरणं शक्य नव्हतं. सात वर्षांनी नोकरी सोडायचा विचार आला तेव्हा डोळ्यांपुढे तीच टरफलं होती.

मैदानाच्या आत माल पुरवायचं कंत्राट मोठ्या लोकांचं. पण बाहेर, क्लार्क आणि अॅडिसन रस्त्यांच्या कोपऱ्यावर, शेंगा विकणारे फेरीवाले उभे असत. लोक त्यांच्याकडून स्वस्तात पुडा घेऊन आत जात. अशा नऊ जणांना आम्ही माल द्यायचो. रिग्ली फील्डला तेव्हा दिवे नव्हते, ते लागले १९८८ साली, त्यामुळे घरचे सगळे सामने दिवसाउजेडी. पहाटे चारला भट्टी पेटायची, दहापर्यंत पुडे भरून व्हायचे, अकराला फेरीवाल्यांच्या हातात गरम माल. हंगामात एका संघाचे १६२ सामने, त्यातले निम्मे घरचे. म्हणजे आमचं वर्ष ८१ दुपारींवर उभं.

घरचा संघ शिकागो कब्स. सामना संपला की मैदानातल्या धावफलकावर निशाण चढतं, जिंकले तर 'डब्ल्यू', हरले तर 'एल'. शेजारून जाणाऱ्या लोकलमधून संध्याकाळी घरी निघालेल्यांनाही निकाल कळावा म्हणून ही पद्धत. आमच्या पहिल्या वर्षांत 'एल'च जास्त पाहिला. १९८० ला कब्स ६४ जिंकले, ९८ हरले, गटात शेवटचे. तरी त्या वर्षी बारा लाखांवर लोक मैदानात आले. उन्हात बसायला, पोरांना घेऊन, भिंतीवरची हिरवी वेल बघायला. हरणाऱ्या संघाच्या जिवावर धंदा कसा चालतो, असं नातेवाईक विचारत. चालायचा, कारण शेंगा खायला आपला संघ जिंकावाच लागतो असं नाही.

आणि मग १९८१ उजाडलं. आदल्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या दक्षिणेत दुष्काळ पडला होता आणि भुईमुगाचं पीक जवळपास निम्म्यावर आलं होतं. मैदानात खपतात त्या व्हर्जिनिया जातीच्या मोठ्या शेंगा मिळेनात, मिळाल्या तर भाव ऐकवेना. बँकांचं व्याज वीस टक्क्यांच्या घरात. ऐन हंगामात माल अडेल या भीतीने मी कर्ज काढून २२० पोती आधीच भरून ठेवली. बायकोचा विरोध होता. "निम्मी घ्या, बाकीचं बघू पुढं," ती म्हणाली होती. मी ऐकलं नाही.

संघाची तर दैना. ब्रूस सटर हा शेवटच्या डावात सामना राखणारा कब्सचा हुकमी गोलंदाज (आपल्या भाषेत गोलंदाजच म्हणतो) डिसेंबरातच सेंट लुइसला देऊन टाकला होता. आधल्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक सरासरीने फटकावणारा बिल बकनर एकटा लढत होता. एप्रिल-मे थंड गेले, हार मागून हार. फेरीवाले दुपारी तीनलाच उरलेले पुडे घेऊन परत येऊ लागले. जूनच्या सुरुवातीला हिशेब केला तेव्हा १४० पोती शिल्लक होती. म्हटलं, शाळांना सुट्ट्या लागल्या की गर्दी वाढेल.

१२ जूनला खेळाडू संपावर गेले. तोवर कब्सचे १५ विजय आणि ३७ पराभव झाले होते.

भांडण पगाराचं नव्हतं. काही वर्षांपूर्वीच खेळाडूंना करार संपल्यावर हव्या त्या संघाकडे जायची मोकळीक मिळाली होती. मालकांचं म्हणणं, आमचा खेळाडू ज्याने नेला त्याने बदल्यात आम्हाला एक खेळाडू द्यावा. खेळाडूंचं म्हणणं, असं केलंत तर आम्हाला घ्यायला कोण धजेल? त्यांच्या संघटनेचे मार्व्हिन मिलर पोलाद कामगारांच्या युनियनमधून आलेले, त्यामुळे वाटाघाटी कशा लांबतात हे त्यांना पक्कं ठाऊक. मालकांनी लंडनच्या लॉइड्सकडे ५ कोटी डॉलरचा संपाचा विमा उतरवला होता. खेळाडूंचा सरासरी पगार वर्षाला १,८५,००० डॉलरच्या आसपास. दोन्हीकडे दम धरायची ताकद होती. कोपऱ्यावरच्या फेरीवाल्याकडे विमा नव्हता, युनियन नव्हती, आणि त्या संपात त्याचं नावही नव्हतं. शेंगा कुणी खाल्ल्या आणि टरफलं कुणी उचलायची, हे मला त्या उन्हाळ्यात नीट कळलं.

चारच दिवसांनी, १६ जूनला, बातमी आली की रिग्ली कुटुंबाने संघच विकला. च्युइंगगमवाले रिग्ली, तीन पिढ्या मालक. शिकागो ट्रिब्यून या वर्तमानपत्राच्या कंपनीने २ कोटी ५ लाख डॉलरना घेतला. मैदान बंद, संघ शेवटचा, मालक नवा. बँकेतल्या साहेबांनी बोलावून विचारलं, "तुमचं गिऱ्हाईक नक्की कोण?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्या नऊ जणांत एक पोलिश म्हातारा होता. संपातही तो रोज सकाळी अॅडिसनच्या कोपऱ्यावर येऊन बंद दरवाज्यापाशी उभा राहायचा. तिसऱ्या आठवड्यात तो न खपलेले पुडे घेऊन भट्टीवर आला. मी म्हटलं, राहू देत तुमच्याकडे. त्याने मान हलवली, एक शेंग फोडली, दाणा माझ्या नाकाशी धरला. वास गेला होता. खवटपणा अजून आला नव्हता, पण येणार हे दोघांनाही कळलं. भाजलेला माल टिकत नाही, आणि कच्ची पोती आमच्या दमट तळघरात. त्या रात्री मी आणि बायकोने एकेक पोतं उघडून हात आत घालून ओल पाहिली. चौदा पोती वेगळी काढावी लागली.

दादांना पत्र लिहिलं. बरंच काही लिहिलं, रागात, की लाखांत कमावणाऱ्यांनी संप करावा आणि पोटावर पाय आमच्या यावा हा कुठला न्याय. त्यांचं उत्तर आलं तेव्हा जुलै सुरू झाला होता. ते अजून जपून ठेवलंय. "संप करणाऱ्याला शिव्या देऊ नकोस. पगार किती ते बघू नकोस. काम कुठं करायचं ते माझं मी ठरवणार, एवढंच तो म्हणतोय. पण भट्टी बंद ठेवू नकोस. यंत्र बसून राहिलं की गंजतं." दादा साचेखात्यातले. मी निमूट भट्टी पेटवली.

संप फक्त मोठ्या लीगचा होता. खालच्या लीगमधली पोरं युनियनमध्ये नव्हती, त्यांचे सामने चालू होते. कब्सचाच एक धाकटा संघ, क्वाड सिटीज कब्स, आयोवातल्या डेव्हनपोर्टला मिसिसिपी नदीच्या अगदी काठावर खेळायचा. अंतर पावणेतीनशे किलोमीटर. एका मित्राची व्हॅन मागून घेतली, सहा पोती भाजली आणि निघालो. तिथे मैदानाला दिवे होते, सामना संध्याकाळचा. खाण्याच्या खिडकीवरच्या बाईंनी एक पुडा फोडला, चार दाणे खाल्ले आणि विचारलं, "भाजल्या कधी?" म्हटलं, आज दुपारी. त्यांनी सहाही पोती ठेवून घेतली. पुढच्या मंगळवारी पुन्हा बोलावलं. एकोणीस-वीस वर्षांची पोरं खेळत होती, बाकड्यांवर शेतकरी आणि कारखान्यातले लोक. परतीच्या वाटेवर बायको बऱ्याच दिवसांनी गाडीत झोपली.

दुसरी वाट तिनेच काढली. सासूबाईंनी, म्हणजे माझ्या आईने, पाठवलेला कांदा-लसूण मसाला डब्यात होता. "डेव्हन अॅव्हेन्यूच्या देशी दुकानांत खारे दाणे मिळतात, आपल्याकडचे तिखट कुठं मिळतात?" ती म्हणाली. पहिला घाणा आम्ही मसाल्यासकट ढोलात टाकला. मसाला जळला, धुराने सगळी गल्ली खोकू लागली आणि कुणीतरी अग्निशमन दलाला फोन केला. बंब आला. दंड झाला नाही, पण तंबी मिळाली. मग कळलं की मसाला आगीत घालायचाच नाही. दाणे भाजून गार करायच्या परातीवर ओतायचे, हात भाजतील इतके गरम असतानाच चमचाभर तेल फिरवायचं, त्यावर मसाला, आणि लाकडी फावड्याने खालवर करायचं. दाणा गार होता होता मसाला धरून बसतो. डेव्हनवरच्या दोन दुकानांनी पाच-पाच किलो घेतले. गणपतीच्या आधी मागणी एवढी झाली की आईला मसाल्यासाठी तार करावी लागली.

३१ जुलैला समेट झाला. पन्नास दिवस गेले, सातशेहून अधिक सामने रद्द. ९ ऑगस्टला क्लीव्हलंडला दोन लीगमधल्या निवडक खेळाडूंचा सामना झाला आणि दुसऱ्या दिवसापासून हंगाम पुन्हा सुरू. मंडळींनी हंगामाचे दोन तुकडे केले, आधीच्या अर्ध्याचा विजेता वेगळा आणि नंतरच्या अर्ध्याचा वेगळा. याने सिनसिनाटीवर मोठा अन्याय झाला. वर्षभरात सगळ्यांत चांगली कामगिरी त्यांची, ६६ विजय आणि ४२ पराभव, पण कुठल्याच अर्ध्यात पहिले नाहीत म्हणून बाद फेरीला मुकले. कब्सला मात्र पाटी कोरी मिळाली. दुसऱ्या अर्ध्यात २३ जिंकले, २८ हरले. आमच्या डोळ्यांना ते सोन्यासारखं वाटलं. सगळं मिळून ३८ विजय, ६५ पराभव. वर्षभराचे प्रेक्षक साडेपाच लाखांच्या थोडे वर, आदल्या वर्षीच्या निम्म्याहून कमी.

कोपऱ्यावर नऊपैकी सहाच जण परत आले. पोलिश म्हातारा पहिला. त्याने येताना जूनच्या उधारीचे पैसे आणले होते, कागदात गुंडाळून, एकेक डॉलरच्या नोटा. मी नको म्हटलं. तो माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मी घेतले.

ऑक्टोबरात हिशेब मांडला तेव्हा २२० पोत्यांपैकी ३१ फेकावी लागली होती. कर्ज फिटायला १९८३ उजाडलं. पण त्या वर्षाच्या विक्रीतला तिसरा हिस्सा डेव्हनपोर्ट आणि डेव्हनचा होता, जो मार्चमध्ये शून्य होता.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार, त्यात दादा. आमचा संप पन्नास दिवसांत मिटला होता, म्हणून मी लिहिलं, धीर धरा, उन्हाळ्यापर्यंत सुटेल. किती चुकीचं लिहिलं मी. तिथे मालकांना गिरण्या चालवायच्याच नव्हत्या. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. दर महिन्याला डेव्हनच्या विक्रीतले पैसे आम्ही परळला पाठवायचो, आणि वहिनी दर पत्रात पै-पैचा हिशेब लिहायच्या, जणू आम्ही सावकार आहोत. मी किती वेळा लिहिलं, वहिनी, हिशेब नको. त्या लिहीतच राहिल्या. १९८३ च्या अखेरीस दादा-वहिनी चाळ सोडून कराडला गेले.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९८४ ला कब्स ९६ सामने जिंकून गटात पहिले आले, १९४५ नंतर प्रथमच मोसम संपल्यावरही खेळत राहिले, आणि त्या सप्टेंबरात अकराच्या आत आमचा माल संपायचा. १९८६ ला स्वतःची जागा घेतली, तळघर नसलेली. १९९४ ला पुन्हा खेळाडूंचा संप झाला, ऑगस्टपासून हंगामच बुडाला, त्या वर्षीची जगज्जेतेपदाची मालिकाही झाली नाही. तेव्हा आमच्याकडे रिग्लीसाठी फक्त अकरा पोती पडून होती.

आज धंदा मुलगी बघते. आठ माणसं कामाला आहेत. कच्चा माल ती महिन्यापुरताच भरते. मसाला कराडहून येतो, दादांच्या सुनेकडून, आणि त्याचे पैसे आधी जातात. दर एप्रिलला पहिली गाडी डेव्हनपोर्टला निघते, क्लार्क आणि अॅडिसनचा माल त्यानंतर भाजायला घेतात.